टेबलापलीकडची माणसं

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी ज्यांची नावं घेते, ती सगळी पुस्तकातली माणसं. एबिंगहाऊस, पावलोव्ह, थॉर्नडाइक, कोलर, बार्टलेट. त्यांच्यावर परीक्षेत प्रश्न येतात, म्हणून मुलं ती नावं पाठ करतात. पण शिकणं, लक्षात राहणं आणि दिसणं म्हणजे काय, हे मला ज्या दोन माणसांमुळे उमगलं आणि पुढे दुसऱ्यांना सांगता आलं, त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. एक आमच्या बाई आणि दुसरे प्रयोगशाळेतले मामा. वर्गात त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले, लिहिलं मात्र कधी नव्हतं. आता निवृत्ती जवळ आली आहे. ज्यांच्या जिवावर आपण आयुष्यभर शिकवलं, त्यांचा हिशेब कागदावर यायला हवा.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज होतं. १९८०नंतरची पहिली काही वर्षं. मानसशास्त्र हा विशेष विषय घेणाऱ्या आम्ही मोजक्या मुली. ‘वेड्यांचा अभ्यास’ म्हणून गावात आमची ओळख. प्रयोगशाळा म्हणजे लायब्ररीच्या मागची एक लांबट खोली. चार टेबलं, प्रत्येक टेबलावर मधोमध उभा लाकडी पडदा, आणि भिंतीला लागून दोन लोखंडी कपाटं. कपाटांत स्टॉपवॉच, मेमरी ड्रम, आरशात बघून रेघ ओढायचं यंत्र, म्युलर-लायरची लाकडी पट्टी, रंगीत कार्डांचे गठ्ठे. या सगळ्याच्या किल्ल्या मामांच्या कमरेला असत. कॉलेजचा टोलही तेच देत. मेमरी ड्रमची चावी किती पिळायची, कुठला स्टॉपवॉच मागे पडतो, कुठल्या पट्टीचा सरकता भाग पावसाळ्यात फुगून अडकतो, हे आमच्याआधी आणि आमच्यापेक्षा चांगलं त्यांना ठाऊक होतं.

मानसशास्त्राच्या प्रयोगाला दोन माणसं लागतात. पडद्याच्या अलीकडे प्रयोगकर्ता, पलीकडे प्रयुक्त. अलीकडचा मोजतो, पलीकडचा मोजून घेतो. आम्ही मुली आळीपाळीने दोन्हीकडे बसायचो, पण प्रयोगात काय शोधायचंय हे आधीच माहीत असलेला प्रयुक्त काय कामाचा? बाहेरचं कुणी मिळवावं, तर दुसऱ्या वर्गातल्या मुलींना साडेचारची एसटी गाठायची असे. मग बाई हाक मारत, “मामा, बसा जरा.” मामा हातातलं फडकं खांद्यावर टाकत, टोपी सारखी करत आणि खुर्चीवर ताठ बसत. आमच्या आधीच्या आणि नंतरच्या कितीतरी वर्गांच्या जर्नलमध्ये प्रयुक्ताच्या रकान्यात तीच तीन अक्षरं आढळतील. नाव लिहायचं नाही, फक्त आद्याक्षरं, हा शास्त्राचा नियम. वय अमुक, शिक्षण चौथी, मनःस्थिती ठीक.

एकदा माझा म्युलर-लायरचा प्रयोग मामांवर झाला. जर्मन अभ्यासक म्युलर-लायर याने १८८९ मध्ये मांडलेली ही आकृती आता शाळेच्या पुस्तकातही असते. दोन सारख्या रेघा. एकीच्या टोकांचे बाण आत मिटलेले, दुसरीच्या टोकांची पाती बाहेर उघडलेली. बाहेर उघडलेली रेघ लांब भासते. आमच्या पट्टीवर एक रेघ पक्की आणि दुसरी सरकती. प्रयुक्ताने सरकती रेघ पक्कीइतकी दिसेपर्यंत हलवायची आणि आपण पट्टीच्या पाठीमागच्या मापावर चूक किती मिलिमीटर पडली ते टिपायचं. कधी कमीकडून जास्तीकडे, कधी उलट. मामा सावकाश, एक डोळा बारीक करून पट्टी सरकवत. आकडे घेतले, सरासरी काढली, “झालं मामा” म्हणून मी उठले.

तेवढ्यात ते म्हणाले, “ताई, सगळ्या पोरी येत्यात, लिवून नेत्यात. पर माजं काय निगालं, ते कुनी सांगत न्हाई.”

बाई पलीकडच्या टेबलावर होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. काही वेळ त्या बोलल्या नाहीत. मग आम्हा सगळ्यांना जवळ बोलावून म्हणाल्या, “आजपासून एक नियम. ज्याच्यावर प्रयोग केला, त्याला निष्कर्ष त्याच्या भाषेत समजावून सांगायचा. त्याला कळला असं त्याने म्हटलं, तरच जर्नलवर माझी सही.”

माझ्या शिक्षकीपेशाची सुरुवात त्या नियमाने झाली. ‘संवेदन’, ‘भ्रम’, ‘सरासरी चूक’ हे शब्द परीक्षेत चालत, मामांपुढे चालत नव्हते. मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि मोजपट्टीने दोन्ही रेघा मोजायला सांगितल्या. सारख्या निघाल्या. म्हटलं, “मामा, डोळ्यांत शिरतो तो नुसता उजेड. त्यातून रेघ किती लांब, वस्तू किती दूर, हा हिशेब आत मेंदूत होतो. हे बाण त्या हिशेबात ढवळाढवळ करतात.” त्यांनी ऐकून घेतलं, पट्टीकडे पुन्हा पाहिलं आणि विचारलं, “आता मला ठावं हाय की दोनी सारख्या हायत. तरी बी ही लांबच दिसतीया. ते का?”

संवेदनाच्या अभ्यासातला फार मोलाचा प्रश्न चौथी शिकलेल्या माणसाने पट्टी हातात धरून विचारला होता. माहीत असणं आणि दिसणं यांची खाती वेगळी आहेत. सारख्या आहेत हे ज्ञान डोक्यात पक्कं असतानाही दिसण्याची यंत्रणा आपलं काम आपल्या पद्धतीने करत राहते. सरावाने चूक थोडी उतरते. मामांचीही उतरली होती, कारण ती पट्टी त्यांच्या हाताखालून अनेकदा गेली होती. पण ती पुरती गेली नाही. बाईंनी त्यानिमित्ताने आम्हांला रिचर्ड ग्रेगरींची मांडणी सांगितली. खोलीचा आतला कोपरा आणि इमारतीचा बाहेरचा कोपरा यांच्या रेषा अशाच पात्यांसारख्या दिसतात, म्हणून मेंदू त्यांच्यावरून अंतराचा अंदाज बांधतो आणि लांबीचा हिशेब चुकतो, असं ते म्हणत. १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोव्हिट्स यांनी वेगवेगळ्या समाजांत हा भ्रम तपासला, तेव्हा तो सगळीकडे सारखा आढळला नाही. सरळ भिंती आणि काटकोनी घरांत वाढलेल्यांना तो जास्त होतो, असा अंदाज त्यांनी बांधला. त्यावर वाद आजही आहे. आपण ज्या जगात वाढतो, ते जग आपल्या डोळ्यांना काही सवयी लावून ठेवतं, ही शक्यता मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

मेमरी ड्रमवर मामांनी आम्हांला दुसरा धडा दिला. हे यंत्र म्हणजे एक फिरणारं नळकांडं. त्यावर शब्दांची यादी गुंडाळायची. समोरच्या झरोक्यातून ठरावीक वेळाने एकेक शब्द दिसतो आणि सरकतो. शब्द निरर्थक हवेत, कारण अर्थ असला की जुन्या ओळखीच्या आधारावर लक्षात राहतं आणि स्मृती कोरी मोजता येत नाही. ही युक्ती हर्मन एबिंगहाऊसची. त्याने असे सुमारे २३०० शब्दावयव तयार केले, स्वतःच ते पाठ केले, स्वतःच वेळ मोजली आणि १८८५ मध्ये स्मृतीवरचं आपलं पुस्तक छापलं. प्रयोगकर्ता तोच, प्रयुक्तही तोच. पडद्याच्या दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं बसलेला हा एकटा माणूस मला म्हणून फार जवळचा वाटतो. दुसऱ्याकडून काही मागायच्या आधी त्याने स्वतःला दिलं होतं.

बाईंनी मराठी निरर्थक शब्दांच्या याद्या केल्या होत्या. गंमत अशी झाली की आम्हांला अर्थहीन वाटणारा एखादा शब्द मामांना ओळखीचा निघे. त्यांच्या वाडीच्या बोलीत ते औताच्या एखाद्या भागाचं नाव असे, नाहीतर कुणाच्या तरी बैलाचं. तो शब्द त्यांना पहिल्याच फेरीत पाठ होई. जे शब्द खरोखर परके, त्यांनाही ते काहीतरी चिकटवत. दोन शब्द जोडून एक माणूस करत, तिसरा त्याच्या दारात बांधत. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात हेच सांगितलं आहे. माणूस आठवण जशीच्या तशी साठवत नाही, तो अर्थ लावत राहतो आणि आठवताना पुन्हा नव्याने रचतो. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना वाचायला देऊन पुन्हा पुन्हा लिहायला लावली होती. प्रत्येक फेरीत कथेतलं अनोळखी काही गळत गेलं, काही ओळखीचं होत गेलं. एबिंगहाऊस आणि बार्टलेट यांची वाट वेगवेगळी आहे, हे पुस्तकाच्या दोन प्रकरणांत मी वाचलं होतं. मामांच्या एका यादीत त्या दोघांची गाठ पडलेली पाहिली.

विसरण्याचा आलेखही मी त्यांनाच समजावला. एबिंगहाऊसच्या मोजणीत पाठ केलेली यादी पुन्हा पाठ करताना वेळेची बचत किती होते, यावरून किती शिल्लक आहे ते ठरे. २० मिनिटांनी बचत ५८ टक्के, तासाने ४४, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१. म्हणजे गळती सुरुवातीला वेगाने होते आणि मग मंदावते. मामा म्हणाले, “मग दिडकी, औटकी कशी गेली न्हाई वो?” ते लहानपणी शाळेत गेले ते चारच वर्षं, पण पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंतचे पाढे त्यांना धडाधड येत. त्यांच्या घरी दिवेलागणीला परवचा होई. कंटाळा आला तरी सुटका नसे.

उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं. एबिंगहाऊसलाही ते दिसलं होतं. एकाच बैठकीत कितीही वेळा घोकण्यापेक्षा तेच पठण दिवसांवर विभागलं, तर कमी कष्टात जास्त टिकतं. परवच्यात रोजची विभागणी होती आणि शिवाय पाटी न बघता तोंडाने म्हणायचं होतं. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून बाहेर काढण्याने स्मृती पक्की होते, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून ठळकपणे दाखवलं. हॅरी बाहरिक यांनी १९८४ मध्ये, शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकून वर्षं उलटलेल्या माणसांची परीक्षा घेतली होती. पहिल्या काही वर्षांत बरंच गेलं होतं, पण त्यापुढे उरलेलं दशकानुदशकं तग धरून होतं. आमच्या बाईंनी हे वेगळ्या रीतीने टिपून ठेवलं होतं. प्रयुक्त म्हणून मामा सरावलेले, त्यामुळे मुलींच्या प्रयोगात त्यांचे आकडे नव्या माणसाचे म्हणून धरता येत नसत. म्हणून बाईंनी त्यांच्यासाठी एक वेगळी लांबट वही घातली होती. आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायचा त्यांचा प्रत्येक प्रयत्न त्या वहीत नोंदलेला असे.

ते यंत्र जरा जवळून सांगते. टेबलावर एक तारा छापलेला कागद. ताऱ्याला दुहेरी कड, आणि त्या दोन रेघांच्या मधल्या अरुंद गल्लीतून पेन्सिल न्यायची. मध्ये आडवी फळी, त्यामुळे स्वतःचा हात दिसत नाही. समोरच्या आरशात हात दिसतो तो उलटा. वर न्यावं तर आरशात खाली जातो. पहिल्या प्रयत्नाला माणूस कोपऱ्यावर अडकतो. पेन्सिल एकाच जागी थरथरते, कागदावर काळं गिचमीड होतं, कपाळावर घाम येतो. चौथ्या-पाचव्या खेपेला कोपरा सुटतो. दहाव्याला हात जणू स्वतःच वाट काढतो. गंमत म्हणजे उजव्या हाताने सराव केला, तर डाव्या हातालाही त्याचा लाभ मिळतो. मामांच्या वहीत दरवर्षी जूनचा पहिला आकडा एप्रिलपेक्षा वाईट असे, कारण मधे मे महिन्याची सुट्टी गेलेली. पण नव्या माणसाच्या पहिल्या आकड्याच्या तो पासंगालाही नसे, आणि दोन-तीन प्रयत्नांत मामा पुन्हा एप्रिलच्या जागी येत. एबिंगहाऊसची बचत तिथे शाईने लिहिलेली होती.

त्याच यंत्राने बाईंनी आम्हांला एच. एम. यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला हा तरुण अपस्माराच्या तीव्र झटक्यांनी हैराण होता. १९५३ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग होता. झटके कमी झाले, पण नवी आठवण तयार होणं थांबलं. समोर बसलेल्या माणसाशी नीट बोलणारा तो, ते माणूस खोलीबाहेर जाऊन परत आलं की पहिल्यांदाच भेटल्यासारखा वागे. माँट्रियलहून ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला येत. त्यांनी त्याला ताऱ्याचं हेच चित्र आरशात बघून गिरवायला दिलं. तीन दिवस. दररोज त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं, कारण आदल्या दिवसाची त्याला आठवण नव्हती. चुका मात्र दिवसागणिक घटत गेल्या. हे वाटलं होतं त्याहून सोपं निघालं, अशा अर्थाचं तो शेवटी बोलला, असं मिल्नरबाई सांगत. काय शिकलो हे ठाऊक नसताना हात शिकत होता. घडलेल्या गोष्टींची आठवण आणि करण्याच्या कौशल्याची आठवण या मेंदूत वेगळ्या वाटांनी जातात, हे तिथून उलगडत गेलं. आकडे ऐकून लगेच म्हणून दाखवण्याची त्याची ताकद शाबूत होती, म्हणून अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृती वेगळ्या आहेत, या म्हणण्यालाही बळकटी आली.

मामा दाराशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “त्यास्नी सांगितलं का कुनी, तुमचं काय निगालं ते?”

बाईंनी उत्तर दिलं, “सांगत असतील मामा. पण त्यांच्या ध्यानात राहत नसणार. म्हणून ते आपण ध्यानात ठेवायचं.”

२ डिसेंबर २००८ ला ते गृहस्थ वारले, वयाच्या ८२व्या वर्षी. तेव्हा त्यांचं नाव जगाला कळलं. हेन्री मोलेसन. पंचावन्न वर्षं ते तपासून घेत राहिले. सुझान कॉर्किन यांनी त्यांच्यासोबत दशकानुदशकं काम केलं आणि पुढे त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याकडून जे कळेल त्याचा दुसऱ्यांना उपयोग व्हावा, अशी हेन्रींची भावना होती, हे त्यातून समजतं. मरणानंतर त्यांचा मेंदूही अभ्यासाला दिला गेला. २००९ च्या डिसेंबरात सॅन डिएगो इथे त्याचे २४०१ पातळ काप घेण्यात आले. बातमी वाचल्यावर मी बाईंना फोन केला. त्या निवृत्त होऊन मुलाकडे राहत होत्या. मामा तेव्हा हयात नव्हते. बाई म्हणाल्या, “नाव कळलं ते बरं झालं गं. इतकी वर्षं आपण त्यांना दोन अक्षरांत बसवलं होतं.” प्रयुक्ताचं नाव गुप्त ठेवायचं ते त्याच्या संरक्षणासाठी, आणि ते योग्यच आहे. पण गुप्त ठेवलेलं नाव म्हणजे पुसलेलं माणूस नव्हे, हे बाईंनी त्या एका वाक्यात सांगितलं.

पावलोव्हच्या कुत्र्यांचा धडा मी मामांना सांगितला, तेव्हा तो त्यांनीच मला परत शिकवला. मी म्हटलं, खाण्याआधी आवाज, मग खाणं, असं पुन्हा पुन्हा झालं की पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मामा म्हणाले, “आमची म्हस चरवी वाजली की पान्हा सोडती, त्येच की.” अगदी तेच. मी पुढे विचारलं, चरवी रोज वाजवली आणि धार काढलीच नाही तर? ते म्हणाले, “चार दिस सोडंल, मग न्हाई सोडायची.” पुस्तकात यालाच विलोपन म्हणतात. पचनक्रियेच्या अभ्यासासाठी १९०४ चं नोबेल मिळालेल्या पावलोव्हने आपल्या कुत्र्यांचं ऋण जाहीर मान्य केलं होतं. १९३५ मध्ये लेनिनग्राडला त्याच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचं स्मारक उभं राहिलं. प्रयुक्ताला दगडात जागा मिळाल्याची अशी उदाहरणं थोडीच.

उलट बाजूही बाईंनी झाकली नाही. १९२० मध्ये बाल्टिमोरला जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली. उंदीर समोर आला की पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. मूल उंदराला भ्यायला लागलं, मग सशालाही. ती भीती घालवायच्या आत मूल तिथून गेलं. भीती शिकता येते, हे सिद्ध झालं आणि पाठ्यपुस्तकात गेलं, पण त्या बाळाला कुणी काही परत दिलं नाही. हे सांगताना बाईंचा आवाज चढे. लगेच त्या मेरी कव्हर जोन्स यांच्याकडे वळत. १९२४ मध्ये त्यांनी पीटर नावाच्या दुसऱ्या लहानग्याची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा आधी दूर, मग रोज थोडा जवळ. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. “शास्त्राने एका मुलाकडून घेतलं ते दुसऱ्या मुलाला फेडलं,” बाई म्हणत, “पण पहिल्याचं देणं तसंच राहिलं, हेही लिहा.”

बाईंनंतरच्या काळातलं एक काम मी त्यांच्या नियमाशी जोडून शिकवते. १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू यांनी जॉन लॉकला प्रश्न घातला होता. जन्मांध माणसाने स्पर्शाने घन आणि गोल ओळखायला शिकलं असेल आणि अचानक त्याला दिसू लागलं, तर तो नुसतं पाहून कुठला कोणता हे सांगेल का? तीनशे वर्षं तत्त्वज्ञ त्यावर भांडले. उत्तर मिळालं ते दिल्लीत. भारतात जन्मतःच मोतीबिंदू असलेली कितीतरी मुलं उपचारांविना वाढतात. एमआयटीतले पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ या प्रकल्पात अशा मुलांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया होते आणि मग ती कशी पाहायला शिकतात याचा अभ्यास होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ८ ते १७ वर्षांची पाच मुलं होती. पट्टी सुटल्यावर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखणं त्यांना जमलं नाही. काही दिवसांतच जमू लागलं. म्हणजे डोळा आणि हात यांची भाषा जन्मतः एक नसते, पण ती फार लवकर एक होऊ शकते. दुसरी गोष्ट याच कामातून समजली. नव्याने दिसू लागलेल्या मुलाला स्थिर चित्रात वस्तू कुठे संपते आणि कुठे सुरू होते ते उमगत नाही, पण वस्तू हलली की ती वेगळी दिसते. मला यातली सर्वांत मोठी बाब अशी वाटते की इथे प्रयुक्ताला ‘माझं काय निघालं’ हे विचारावं लागलं नाही. त्याला आधी दृष्टी मिळाली.

मामा निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं. बाईंनी एक चौकट दिली. काचेआड एक आलेख होता, त्या लांबट वहीतल्या आकड्यांवरून त्यांनी स्वतः ग्राफपेपरवर काढलेला. अनेक वर्षांच्या ताऱ्याच्या चुका, दर जूनला किंचित वर उसळणारी आणि पुन्हा खाली येणारी रेघ. प्राचार्यांनी मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मामांनी भाषण केलं नाही. त्यांनी चौकट गावाकडून आलेल्या आपल्या माणसांकडे वळवली आणि बोट ठेवत सांगितलं, “ही रेघ खाली येतीया म्हंजी माज्या चुका कमी होत्यात. हितं वर गेली, ती सुट्टी. इसरलो व्हतो, पर समदं न्हाई.” अध्ययन आणि विस्मरण यांवरचं इतकं नेमकं व्याख्यान मी त्यानंतर फार कमी ऐकलं.

आमचं शास्त्र लोकांच्या चुका गोळा करूनच उभं राहिलं आहे. रेघ किती मिलिमीटरने चुकली, यादीतले कुठले शब्द सुटले, पेन्सिल कितीदा कडेबाहेर गेली. आपली चूक परक्या माणसासमोर करून दाखवायला मन मोठं लागतं. ती आपण घेऊन जातो, सरासरी काढतो, पदवी मिळवतो. माझ्या नावापुढची अक्षरं अशा किती माणसांच्या चुकांनी बनली आहेत, हे मला मोजता येणार नाही. मी एवढंच करू शकले की बाईंचा नियम मोडू दिला नाही. माझे विद्यार्थी पहिल्या प्रॅक्टिकलला प्रयुक्ताच्या खुर्चीत बसतात. आरशातल्या ताऱ्याशी झगडून झाल्याशिवाय दुसऱ्याचा स्टॉपवॉच त्यांच्या हाती देत नाही. निष्कर्ष ज्याचा त्याला सांगावा लागतो, तोही तो जी मराठी बोलतो त्या मराठीत. अभ्यासक्रम बदलला, मेमरी ड्रमच्या जागी संगणक आला, ही अट राहिली.

आणि सांगायला गेलं की माणसं नवे प्रश्न देतात, हा या नियमाचा लाभ बाईंनाही कदाचित आधी दिसला नसेल. मध्यंतरी माझ्या दोन विद्यार्थिनी मंडईतल्या भाजीवाल्या मावशींकडे शब्दांच्या याद्या घेऊन गेल्या होत्या. निष्कर्ष सांगितल्यावर एक मावशी म्हणाल्या, “तुमच्या यादीतलं माझ्या ध्यानात राहिलं नाही, खरं आहे. पण कुणाची उधारी किती, ते मी कधी लिहीत नाही आणि चुकतही नाही. ते कसं, ते शोधा की.” मुली परत आल्या त्या हाच विषय घेऊन. माणूस, भाजी, रक्कम आणि त्या दिवशी काय बोलणं झालं, यांची गुंफण आठवणीला किती आधार देते, हे त्या आता मावशींच्याच गाळ्यावर बसून मोजतात. वर्षअखेरीला जे निघेल, ते आधी मंडईत सांगायचं आणि मग विद्यापीठात, असं त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं आहे.